पोथीची चोरी कोणी केली?

हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत घरातली रद्दी गेलेली असेल. दसरा उलटला की माळे झाडले जातात, ट्रंका उन्हात येतात, आजोबांच्या वेळची गाठोडी सुटतात आणि रद्दीवाला तागडी घेऊन दारात उभा राहतो. त्याच्या पैशांत फराळाचे निदान तेल तरी सुटते. सणासुदीला कोणाला बोल लावू नये, एवढे मलाही कळते. तरी मी आज बोल लावणार आहे. पहिला बोल स्वतःलाच लावणार आहे, तेव्हा वाचकांनी राग मानू नये.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून आमची वस्ती आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात आम्हांला गाढ झोप लागते. तो थांबला तरच जाग येते. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. घरी तेलुगू बोलणारी, माझ्याशी मराठी बोलणारी, आणि दोन्ही भाषांत सारखीच खोडकर. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. काही कादंबऱ्या नावावर आहेत, पण संशोधक म्हणवून घेण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीआधी एक मुलगा दोन पाने घेऊन माझ्याकडे आला. त्याचा बाप कारखान्यांच्या मागच्या एका रद्दीच्या गोदामात माल निवडायला होता. मुलगा म्हणाला, “सर, हे कुठलं अक्षर आहे ओ? पप्पा म्हणाले सरांना विचार.” पाने हाताने लिहिलेली, जाड, कडेला वाळवी लागलेली. अक्षर मोडी होते. मला मोडी येत नव्हती. पण मास्तराला ‘येत नाही’ म्हणायची सवय कुठे असते? मी म्हणालो, “मोडी आहे. जुना हिशेब असेल.” मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदामात गेलो, तर मालक म्हणाला, “काल सांगायचं की सर! तसलं अख्खं पोतं होतं. रात्रीच गाडी भरली, गेलं कागदाच्या मिलला.” घरी आलो, ती दोन पाने लाल फडक्यात बांधली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

त्याच आठवड्यात एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो असता मी ही हकीकत सांगितली. तेथे बसलेले एक सुशिक्षित गृहस्थ चकली मोडता मोडता म्हणाले, “मास्तर, पोत्याचं काय घेऊन बसलात? आपल्या पोथ्या कधीच गेल्या. गोऱ्यांनी लुटून नेल्या.” सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हा लेख म्हणजे त्या वाक्याला मला तेव्हा न सुचलेले उत्तर आहे.

गोऱ्यांनी नेल्या हे खोटे नाही. त्यांनी आपल्याच नव्हे, इतरांच्याही नेल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली पोथी तर त्यांच्याच धर्माची होती. कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ नावाचा एक जर्मन पंडित होता, लाइपझिगचा. बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला. पण मूळ लेखकांच्या हातचे एक पानही उरलेले नाही. उरल्या त्या नकलांच्या नकला, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. प्रत जितकी जुनी तितकी चूक थोडी, या हिशेबाने हा माणूस जुन्या ग्रीक पोथ्यांच्या मागे लागला. युरोपातली ग्रंथालये पालथी घालून १८४४ साली तो सिनाईच्या डोंगरातल्या सेंट कॅथरीनच्या मठात पोचला. तेथे एका टोपलीत त्याला चर्मपत्राची पाने दिसली. ती जाळण्यासाठी काढली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांतली ४३ पाने तो घेऊन गेला. १८५३ साली पुन्हा आला, तेव्हा फारसे काही हाती लागले नाही. १८५९ साली रशियाच्या झारचे पाठबळ घेऊन तिसऱ्यांदा आला. परत निघण्याच्या बेतात असताना मठाच्या कारभाऱ्याने त्याला आपल्या खोलीत नेले आणि लाल फडक्यात बांधलेले एक बाड त्याच्यापुढे ठेवले. ते चौथ्या शतकातले ग्रीक बायबल होते. त्यात नवा करार अथपासून इतिपर्यंत शाबूत होता. इतकी जुनी आणि पूर्ण प्रत आजही दुसरी ठाऊक नाही.

‘परत करीन’ अशी लेखी कबुली देऊन टिशेनडॉर्फने ते बाड नेले. ते परत आले नाही. १८६९ साली मठाकडून झारच्या नावे दानपत्र झाले, बदल्यात मठाला काही हजार रूबल मिळाले. ते दान खुशीचे होते की दडपणाचे, हा वाद अजून मिटलेला नाही. १९३३ साली सोव्हिएत सरकारने तेच बाड एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकून टाकले. आता या पोथीची बहुतेक पाने लंडनला, ४३ लाइपझिगला आणि थोडे तुकडे सेंट पीटर्सबर्गला आहेत. १९७५ साली मठातच एक बुजलेली खोली सापडली, तीत याच पोथीची आणखी १२ पाने निघाली. ती मात्र मठाने कोणाला दिली नाहीत.

आता त्या टोपलीकडे पाहा. मठाने टोपलीची गोष्ट कधीच मान्य केली नाही. आणि मला तरी तिचा संशय येतो, कारण पोथी नेणारा नेहमी हेच सांगतो: मी नेली नसती तर यांनी जाळली असती. ही सबब इतकी सोयीची आहे की ती खरी असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. ज्या मठाने एक बाड शतकानुशतके जपले, त्याने ते नेमके पाहुणा आला त्या दिवशी जाळायला काढावे, हे पटत नाही.

पण थांबा. चकलीवाले गृहस्थ खूष होतील म्हणून मी हे सांगत नाही. कारण दुसरी गोष्ट आपल्या सोलापूरची आहे, आणि तीत गोरा माणूस औषधालाही नाही.

मंगळूरजवळ मूडबिद्री हे दिगंबर जैनांचे क्षेत्र आहे. तेथल्या मंदिरात ‘षट्खंडागम’ या ग्रंथाची आणि त्यावरच्या ‘धवला’ टीकेची ताडपत्रे होती. षट्खंडागम हा दिगंबर परंपरेचा आद्य सिद्धान्तग्रंथ. पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींनी तो रचला. वीरसेन आचार्यांची धवला नवव्या शतकाच्या सुरुवातीची. भाषा प्राकृत, लिपी जुनी कानडी. या ग्रंथांची मूळ ताडपत्रे देशात मूडबिद्रीखेरीज कोठेच उरली नव्हती. यात्रेकरू जात, दक्षिणा ठेवत, दुरून ताडपत्रांचे दर्शन घेत आणि परत येत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून देशभर ग्रंथांची पूजा होई. पण ज्या ग्रंथाच्या पूर्ततेचा तो दिवस मानला जातो, तो ग्रंथ वाचलेला माणूस सापडणे कठीण झाले होते.

१८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद मूडबिद्रीला गेले आणि ही स्थिती पाहून अस्वस्थ होऊन परतले. त्यांनी हे काम सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यावर सोपवले. हिराचंद शेठ म्हणजे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील, ‘जैन बोधक’ पत्राचे संस्थापक. सोलापुरात त्यांच्या नावाचे वाचनालय आजही आहे. ते श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना घेऊन मूडबिद्रीला गेले. ही जुनी लिपी वाचू शकणारे शास्त्री तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. मन वळवता वळवता वर्षे गेली. वर्गणी जमली आणि १८९६ साली ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती शास्त्री नक्कल करायला बसले. ब्रह्मसूरी मध्येच वारले. गजपतींनी काम चालू ठेवले. सर्व नकला पुऱ्या व्हायला १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे! आमच्या एमआयडीसीत एवढ्या काळात कारखाना उभा राहतो, भरभराटतो आणि बंदही पडतो.

आणि एवढे करून निष्पत्ती काय? नकला झाल्या, त्या मूडबिद्रीतच राहिल्या. मूळही कुलपात, नक्कलही कुलपात.

मात्र गजपती शास्त्रींनी एक गोष्ट चोरून केली. आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने त्यांनी एक कानडी प्रत गुपचूप तयार केली. दिवसा मंदिरात उघड नक्कल, आणि घरी ही दुसरी. ती प्रत घेऊन ते सोलापूरला हिराचंद शेठजींकडे आले. ज्या माणसाने या ग्रंथासाठी उमेदीची वर्षे घातली, त्याच्या दारात ग्रंथ आपण होऊन चालत आला होता. शेठजींनी तो घेतला नाही. उघड मार्गाने न मिळालेली वस्तू त्यांना नको होती.

वाचकहो, या ठिकाणी मी फार दिवस अडून बसलो होतो. हा नकार मोठ्या माणसाचा नकार आहे. टिशेनडॉर्फने कबुली लिहून दिली आणि ती मोडली. आमच्या गावच्या शेठजींनी घरी आलेले धन परत पाठवले. पण सगळ्यांनीच असा नकार दिला असता तर? सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत ठेवून घेतली. तेथे तिची देवनागरी नक्कल करण्यासाठी बसलेल्या सीताराम शास्त्रींनी आपल्यापुरती आणखी एक प्रत उतरून घेतली. म्हणजे चोरीतून चोरी! त्या प्रतीच्या प्रती होऊन आऱ्याला, विदर्भातल्या कारंज्याला अशा ठिकठिकाणी गेल्या. त्यांवरून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ साली धवलेचा पहिला भाग छापला. पुढे १६ भाग झाले.

छापल्यामुळे काय झाले, ते ऐका. लखनौचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवला वाचली, तेव्हा त्यांना तीत ‘अर्धच्छेद’ सापडला. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, त्याचा हिशेब तो. आजचे विद्यार्थी ज्याला लॉगॅरिदम म्हणतात, त्याच जातीची ही कल्पना. शतकानुशतके हे गणित मंदिरात बसले होते आणि लोक त्यापुढे तांदूळ वाहत होते.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. पहिल्या भागातल्या ९३ व्या सूत्रात स्त्रीला आत्मोन्नतीच्या कोणत्या पायऱ्या शक्य आहेत, याचा विचार आहे. हाती आलेल्या प्रतींत तेथे ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. टीकेचा संदर्भ पाहता तो असायला हवा, असे संपादकांना वाटले आणि त्यांनी तळटीपेत तसे लिहिले. केवढे वादळ उठले! एका शब्दाने स्त्रीला एक पायरी मिळत होती किंवा जात होती. पुढे मूळ ताडपत्र पाहिले गेले, तर तेथे तो शब्द होता. नकला उतरताना गळाला होता. शेजारीच ‘संजदासंजद’ असा तसाच दिसणारा शब्द आहे. लिहिणाऱ्याचा डोळा घसरणे किती सोपे! फळ्यावरून उतरून घेणारी माझी मुले मला हे रोज दाखवतात. त्या शब्दाचा अर्थ कसा लावायचा, हा शास्त्र्यांचा प्रांत. मी त्यात शिरत नाही. पण मूळ ताडपत्र जागच्या जागी नसते, तर हा निवाडा कशावरून झाला असता? आणि नक्कल बाहेर आली नसती, तर शब्द गळल्याचे तरी कोणाला कळले असते?

माझे म्हणणे एवढेच आहे. मूळ पळवून नेणे ही चोरी आहे. पण प्रत नाकारणे हीही चोरीच आहे. टिशेनडॉर्फने मूळ नेले. मठ तेवढ्याने गरीब झाला. लक्ष्मीबाईंनी प्रत नेली. मूडबिद्रीचे एक पानही कमी झाले नाही. या दोन कृत्यांना एकच शब्द लावणारा माणूस आळशी आहे. त्या बाईंच्या हातून दोष घडला असेल, तर त्यातला मोठा वाटा ज्यांनी कुलूप लावले त्यांच्या पदरी घालावा लागेल.

कुलूप लावणाऱ्यांवरही अन्याय करू नये. मूडबिद्रीकरांनी ती ताडपत्रे शेकडो वर्षे राखली, हे ऋण फिटणारे नाही. तेथल्या सिद्धान्तग्रंथांपैकी एकाची प्रत तर एका स्त्रीने पंचमीच्या व्रताच्या उद्यापनाला लिहवून दान दिली होती. आपण उद्यापनाला ताटे-वाट्या देतो! पुढे पहिले भाग छापून आल्यावर मूडबिद्रीकरांनीही मोकळ्या मनाने मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू दिले. मग जे नंतर करता आले, ते आधी का करता आले नाही?

यावर उत्तर मिळते, अधिकाराचे. गृहस्थाने सिद्धान्तग्रंथ वाचू नयेत, असे सांगणारे तेव्हाही होते. ही जैनांचीच गोष्ट आहे असे समजून कोणी गालांत हसू नये. अधिकाराचा हा न्याय चालला असता, तर मराठीत ज्ञानेश्वरीच झाली नसती. आणि ती नुसती पुजली गेली असती, तर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला नसता. नाथांनी पोथीला हात लावला, म्हणूनच पोथी उरली.

इतिहासाचार्य राजवाड्यांचेही उदाहरण घ्या. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरे उघडवली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंड काढले. बीडला त्यांना ज्ञानेश्वरीची फार जुनी प्रत मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. पण ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. राजवाड्यांएवढा पोथीचा भक्त दुसरा नाही, तरीही असे झाले! म्हणून मूळ कोणाच्याही हवाली करताना, मग तो कितीही मोठा असो, प्रत आधी काढून घ्यावी.

‘आता सगळे संगणकावर आहे’ असे सांगणारे एक तिसरे गृहस्थ असतात. सगळे नाही. सिनाईची ती चार ठिकाणी विखुरलेली पोथी २००९ साली एकत्र करून सर्वांना पाहायला खुली झाली, हे खरे. मालक चार, पण वाचायला जग मोकळे. मीही ती पाहिली. ग्रीकचे अक्षर कळले नाही, पण जाणकार सांगतात की तीत मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी नाहीत आणि व्यभिचाराचा आरोप झालेल्या स्त्रीची प्रसिद्ध गोष्टही नाही. हे छापून सांगितल्याने ख्रिस्ती धर्म बुडाला नाही. पण संगणकावर तेच येते जे कोणीतरी आधी उघडलेले असते. अक्कलकोट रोडचे ते पोते संगणकावर नाही.

आता माझा हिशेब. दोन पाने मी लाल फडक्यात बांधली होती. चक्क तीन वर्षे! दर दसऱ्याला सरस्वतीपुढे ठेवत होतो, हळदकुंकू वाहत होतो. मूडबिद्रीला हसणारा मी, माझ्या घरी तेच करीत होतो. शेवटी गेल्या वर्षी लाज वाटून मोडी शिकायला बसलो. चाळिशी उलटलेल्या मास्तराने पुन्हा धुळाक्षरे गिरवावीत, हे पाहून वर्गातल्या मुलांना फार आनंद झाला. सहा महिन्यांनी ती दोन पाने अडखळत वाचली. मी म्हणालो होतो तसा हिशेबच होता. पण कसला? विणकरांना उधार दिलेल्या सुताचा. नाव, किती सूत, किती लुगडी विणून फेडली. एका नावापुढे नुसते ‘वारला’ आणि खाली ‘बायकोकडे माग आहे’. माझ्या वर्गातल्या मुलांच्या पणजोबांची ही कुळकथा. मुलांना वाचून दाखवली, तेव्हा वर्ग पहिल्यांदा आपण होऊन गप्प बसला. एक मुलगी म्हणाली, “सर, साल कुठलं?” साल पानावर नव्हते. ते पहिल्या पानावर असणार, आणि पहिले पान पोत्यात गेले. त्या पोत्यातून निघालेल्या पुठ्ठ्यावर कदाचित आमच्याच कारखान्यातले सूत गुंडाळले गेले असेल.

गोऱ्यांनी नेले असते तर निदान लंडनला जाऊन साल पाहता आले असते, असे बोलण्याचा मोह मला होतो. तो मी आवरतो. कारण ते खरे उत्तर नव्हे. खरे उत्तर हे की पाने येथेच राहायला हवी होती आणि येथल्या मास्तराला ती वाचता यायला हवी होती.

तेव्हा रद्दी गेली असेल तर गेली. पण भाऊबीजेला माहेरी जाल, काका-मामांकडे फराळाला जाल, तेव्हा माळ्यावरच्या गाठोड्याची चौकशी करा. घरातल्या तरुण पोरांच्या हाती दिवसभर फोन असतो. त्याला एवढे एक पुण्य करू द्या. पानापानाचे चित्र घ्यायला सांगा, क्रम बिघडू देऊ नका, पहिले आणि शेवटचे पान विसरू नका. मूळ घरीच ठेवा. घरी राखणे जमत नसेल, तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे. आणि कोणी जाणकार पाहायला आला, तर त्याच्यापुढे फराळाचे ताट ठेवा आणि गाठोडेही सोडा.

धवलेच्या पहिल्या भागाची सुधारलेली आवृत्ती १९७३ साली निघाली, ती सोलापुरातूनच, जैन संस्कृति संरक्षक संघाकडून. हिराचंद शेठजींनी दारातून परत पाठवलेला ग्रंथ अखेर राजरोस त्यांच्या गावी आला. ते पाहायला शेठजी नव्हते.

माझी दोन पाने आता फडक्यात नाहीत. वर्गातल्या मुलांनी त्यांच्या हाताने नकला केल्या आहेत. चुकांसकट. मूळ माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि खणाला कुलूप नाही.